हातात द्या

पार्लरचा जिना उतरत होते, तेवढ्यात मागून हाक आली. माझे केस कापणारी मुलगी होती. अंगात तसाच काळा एप्रन, हातात कंगवा. हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, रागावू नका. पुढच्या वेळी टिप द्यायची असली तर हातात द्या. स्कॅन केलेले पैसे आमच्यापर्यंत येत नाहीत." मी काही बोलायच्या आत ती वर पळालीसुद्धा.

बिलाचे साडेपाचशे आणि तिचे शंभर असे साडेसहाशे मी एकदमच पाठवले होते. काउंटरवरचा क्यूआर कोड अर्थातच मालकिणीचा. त्या मुलीला शंभर रुपये दिल्याच्या समाधानात मी निघाले होते आणि पैसे गेले होते भलत्याच खात्यात.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर तात्या आणि काकू राहतात. तात्या रेल्वेतून निवृत्त झालेत, उभी हयात युनियनचं काम केलं. जातीनं नाभिक. त्यांचे वडील फलटण तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावात गावकीचं काम करायचे. संध्याकाळी तात्या पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतात. मी समोरच्या कठड्यावर टेकले आणि घडलेलं सांगितलं. वाटलं, तात्या त्या मुलीची बाजू घेतील आणि मालकिणीला चार शब्द सुनावतील.

"टिप द्यायचीच कशाला?" तात्या म्हणाले.

"अहो, काय बोलता? दोन तास उभी होती ती पोरगी. मध्ये पाणीसुद्धा प्यायली नाही."

"म्हणूनच विचारतोय. दोन तासांचे तिला किती मिळतात ते तुला ठाऊक आहे का?"

नव्हतं ठाऊक. बिल किती झालं ते ठाऊक होतं.

"आमच्या बापाला गावात पैसे मिळत नसत," तात्या सांगू लागले. "बारा महिने साऱ्या गावाच्या दाढ्या, डोकी. लग्नात काम, सुतकात काम. आणि मोबदला कधी? सुगीला. खळं झालं की बाप पोतं घेऊन जायचा, त्याच्या मागं मी. तिथं सगळे बलुतेदार उभे. थोरली ओळ, मधली ओळ, धाकटी ओळ. आम्ही मधल्या ओळीत. खळंवाला खूश असला तर सूप शिगोशीग, नसला तर अर्धं. वर्षात कधी तोंडातून वावगा शब्द गेला असला तर 'बघू पुढल्या साली'. काम ठरलेलं, मोबदला त्याच्या मनावर. बाहत्तरच्या दुष्काळात तर खळंच झालं नाही. बापानं धोकटी खुंटीला अडकवली आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला."

त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'त ही व्यवस्था तपशिलानं आली आहे. ते मी वाचलं होतं. पण पोत्याचं तोंड धरून खळ्यावर उभं राहिलेलं पोर मला पुस्तकात भेटलं नव्हतं.

"पण तात्या, आता दर ठरलेला आहे. भिंतीवर पाटी असते. दर तर आपण देतोच, टिप त्याच्या वर."

"दर दुकानाला देतेस. तिला काय देतेस? मनात आलं तर शंभर, नाही आलं तर काही नाही. हे खळ्यावरचंच सूप झालं. फक्त ज्वारीच्या जागी नोट आली."

हे मला लागलं. मी काही उपकार म्हणून देत नव्हते, आणि तसं मी म्हणालेही.

"तू उपकार करतेस असं मी कुठं म्हणालो?" तात्यांचा आवाज मऊ झाला. "तुझं मन चांगलंच आहे. पण तिचा महिना तुझ्या चांगल्या मनावर चालावा, हे मला पटत नाही."

मग मी मालिशवाल्या मावशींचा विषय काढला. माझ्या बाळंतपणात त्या रोज सकाळी यायच्या. बाळाला पायांवर घेऊन तेल लावणं, अंघोळ, धुरी, मग माझं अंग चोळणं, शेक. महिन्याचे पैसे ठरले होते. तरी बारशाला आईनं त्यांना साडी नेसवली, ओटी भरली, वर नोट ठेवली. "ती टिपच ना? आणि दिवाळीला पोस्टमनला, पेपरवाल्याला आपण पोस्त देतो ती? पोस्त हा तर आपलाच शब्द. जावळ काढणाऱ्याला शिधा, नारळ, पैसे दिल्याशिवाय मामा भाच्याला मांडीवरून उतरवत नाही. आपल्याकडे हातानं काम करणाऱ्याला वर काही देणं ही रीतच आहे. टिप हा शब्द तेवढा परका."

"पोस्त वर्षातून एकदा. ती देताना यंदा पेपर किती चांगला टाकला याचं मोजमाप तू करत नाहीस. सगळ्यांना देतेस, ठरलेली देतेस. आणि बारशाला त्या मावशींना घरातल्या बाईसारखं पाटावर बसवलंत, म्हणून ती साडी शोभली." तात्या जरा थांबले. "पण मला सांग, महिनाभरात त्यांना एक दिवस तरी सुट्टी होती का?"

नव्हती. एक दिवस त्या तापानं फणफणत आल्या होत्या. मीच म्हणाले होते, आजच्या दिवस फक्त बाळाचं करा. तेव्हा मला तो माझा मोठेपणा वाटला होता.

विषय बदलावा म्हणून मी बहिणीचं सांगितलं. ती न्यूजर्सीत असते. तिकडे केस कापले की बिलाच्या पंधरा ते वीस टक्के ठेवायचेच असा रिवाज आहे. केस धुणारी वेगळी असेल तर तिचे वेगळे. पहिल्या वर्षी बहिणीला ते जड गेलं, आता सवय झाली. "निदान तिथं सरळ हिशेब आहे," मी म्हटलं. "कुणाच्या मनावर नाही."

अमेरिकेचं नाव निघालं आणि तात्या खुर्चीत सावरून बसले. युनियनच्या अभ्यासवर्गांतून ऐकलेलं-वाचलेलं त्यांना अजून तोंडपाठ आहे.

"तिथं हा रिवाज कसा वाढला ते ऐक. टिप आली युरोपातून, पण मुरली ती तिथल्या यादवी युद्धानंतर. गुलामगिरी गेली. सुटलेल्या काळ्या माणसांना काम तर द्यायचं, पण पगार द्यायचा नाही. पुलमन नावाची कंपनी होती, रेल्वेला झोपायचे डबे पुरवायची. त्या डब्यांत हमाल ठेवले काळे. बिछाने घालायचे, बूट पॉलिश करायचे, रात्रभर जागायचं. पगार इतका तुटपुंजा की पोट टिपवर. आणि हाक काय मारायचे, माहीत आहे? 'जॉर्ज'. कुणाचंही नाव काहीही असो, प्रत्येकाला जॉर्ज. का, तर कंपनीच्या मालकाचं नाव जॉर्ज पुलमन."

मला गावातली हाक आठवली. आजोबांच्या घरीसुद्धा न्हाव्याला नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती. जातीनंच मारायचे. तात्यांसमोर हे बोलायला जीभ रेटली नाही, पण त्यांना ते सांगायची गरजही नव्हती.

"त्या लोकांनी १९२५ साली युनियन काढली," तात्या पुढे म्हणाले. "फिलिप रँडॉल्फ हा पुढारी. बारा वर्षं झगडले. १९३७ मध्ये कंपनीला करार करावा लागला. पगार वाढला, कामाचे तास कमी झाले. टिप वाढवून द्या असं नाही मागितलं त्यांनी. पगार मागितला."

"आणि आता?"

"आता तिथल्या केंद्रीय कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं ताशी दोन डॉलर तेरा सेंट दिले तरी चालतात. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिप धरून सव्वासात डॉलर भरले नाहीत तर फरक मालकानं द्यायचा, असा नियम आहे. काही राज्यांनी स्वतःचे दर वाढवलेत. पण मूळ विचार बघ. गिऱ्हाईक देतंय ना, मग मालकानं कशाला द्यायचं? तुझ्या बहिणीचे वीस टक्के त्या पोरीच्या पगारात भर घालत नाहीत, पगाराची जागा घेतात. आपल्याकडे हेच यायला नको."

ही गोष्ट मी याआधी अशी पाहिली नव्हती. तरी माझं समाधान झालं नाही.

"तात्या, तुमचं सगळं खरं धरलं, तरी आज ती मुलगी काय करील? तत्त्व तुमचं आहे, पोट तिचं आहे. तुम्ही टिप दिली नाहीत म्हणून मालकीण उद्या तिचा पगार वाढवणार नाही. तिला दर महिन्याला टार्गेट असतं. इतके फेशियल, इतके हेअर स्पा विकले तर इन्सेंटिव्ह. नुसत्या पगारात तिची खोली आणि डबा भागत नाही."

"मग आवाज उठवा."

"उठवू. पण तोवर तिचे शंभर रुपये बुडवू का?"

तात्या गप्प झाले. मी पुढे रेटलं. सलूनच्या सेवांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. ज्या पार्लरच्या बिलावर कर लागतो, तिथं हजार रुपयांच्या कामामागे एकशे ऐंशीऐवजी पन्नास रुपये कर भरायचा. "हे एकशे तीस रुपये आपल्याच खिशात राहिले ना? त्यातले शंभर कारागिराला दिले तर आपलं काय जातं?"

"मालकाचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, गेलंय, तो दर वाढवून ते भरून काढील," तात्या म्हणाले. पण या मुद्द्यात त्यांना फारसा रस दिसला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हता. पैसे कुठून काढायचे हा माझा प्रश्न नव्हताच. द्यावेत की नाही, हा होता.

मग मी तात्यांना जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. चार वर्षांपूर्वी आईच्या केमोथेरपीत केस गळू लागले. उशीवर, टॉवेलवर, ताटातसुद्धा. आई पार्लरला यायला तयार होईना. मी आमच्या पार्लरमधल्या एका मुलीला घरी बोलावलं. तिनं आईला आरशाकडे पाठ करून बसवलं. मशीन हळूहळू फिरवत ती आईशी तिच्या गावच्या जत्रेबद्दल बोलत राहिली. काम झाल्यावर जमिनीवर बसून तिनं एकेक केस टिपला, पिशवीत भरला आणि जाताना पिशवी सोबत नेली, आईच्या नजरेला पडू नये म्हणून. "याचा दर कुठल्या पाटीवर लिहायचा, तात्या? मी तिला पाचशे रुपये जास्त दिले. दुसरं काय देऊ शकणार होते?"

तात्यांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग विचारलं, "घेतले तिनं?"

"आधी नाही म्हणाली. काकूंचे नकोत, म्हणाली. मी आग्रह केला तेव्हा घेतले."

"मग ते पैसे चांगले," तात्या म्हणाले. "तिला नाही म्हणता आलं, म्हणून चांगले."

मला नीटसं कळलं नाही. तेव्हा त्यांनी १८९० सालचं सांगितलं. मुंबईतल्या नाभिकांनी एकत्र येऊन ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी उभे होते. त्याच वर्षी ज्यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ते हेच लोखंडे. "हातावर पोट असलेली माणसं ती. एकेक गिऱ्हाईक मोलाचं. तरी म्हणाली, हे काम आमच्यानं होणार नाही. कारागिराची इज्जत त्या 'नाही'त असते. ज्याचा महिना टिपवर चालतो, त्याला नाही म्हणता येत नाही. गिऱ्हाईक अरेतुरे करतं, ऐकून घ्यावं लागतं. गिऱ्हाईक वेडंवाकडं बोलतं, हसावं लागतं. तुमच्या त्या घरी येणाऱ्या मुली. परक्या घरात एकट्या जातात, दार लावून घेतलं जातं. तिथं नाही म्हणायची ताकद पगारातून येते, पोरी. बक्षिशीतून येत नाही."

आमच्या सगळ्या बोलण्यात मला सर्वांत जास्त पटलेला मुद्दा हा. टिप किती टक्के द्यावी, केस धुणारीला वेगळी द्यावी का, मालक स्वतः कात्री चालवत असेल तर द्यावी का, असल्या प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. मालक स्वतः काम करत असेल तर टिप लागत नाही, त्याच्याशी घासाघीस न करणं पुरे. केस धुणारीला आठवणीनं वेगळं द्यावं, कारण ती बहुतेक सगळ्यांत कमी पगाराची असते. पण घेणारीला ती टिप नाकारता येईल इतकं तिचं पोट भरलेलं आहे का, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

तरी मी तात्यांना सोडलं नाही. कोपऱ्यावरच्या दोन खुर्च्यांच्या दुकानात ते दर पंधरा दिवसांनी दाढी-कटिंगला जातात. तिथला कारागीर उत्तर प्रदेशातला, सलमानी म्हणजे मुसलमान नाभिक. होईल त्या कामातला निम्मा वाटा त्याचा, निम्मा दुकानाचा. "गेल्या ईदला तुम्ही त्याच्या मुलीला फ्रॉक घेऊन दिलात. काकूंनी सांगितलंय मला. ती काय टिप नव्हती?"

"ती पोस्त," तात्या लगेच म्हणाले. मग स्वतःशीच थोडा विचार करून, "आणि तो मला शीरखुर्म्याचा डबा आणून देतो. दरवर्षी. मी एकटाच देतो असं नाही."

"म्हणजे देणं चालतं, फक्त दोन्हीकडून असावं?"

"आमचा बाप आषाढात फलटणला जायचा. माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो तिथं. वारकऱ्यांच्या दाढ्या करायचा, डोकी करायचा. दिवसभर. एक पैसा घ्यायचा नाही. अजूनही आमची माणसं वाटेवर ही सेवा करतात. आमच्या संत सेना महाराजांचं नाव घेऊन बसायचा बाप, आणि वारकरी उठताना त्याच्या पाया पडायचे. गावात ज्याच्या दारात बाप बाहेर बसायचा, त्या घरातला माणूसही वारीत असला तर पाया पडायचा." तात्यांनी चष्मा काढून पुसला. "वर्षातला तेवढा एक दिवस देणारा हात बापाचा असायचा. घरी यायचा तेव्हा रिकाम्या हातानं यायचा, पण सुगीला भरलेलं पोतं घेऊन आल्यावर तो जितका गप्प असायचा, तितका त्या दिवशी नसायचा."

अंधार पडला होता. काकूंनी आतून दिवा लावला आणि मला चहाला हाक मारली. मी आत गेले नाही. डोक्यात ती जिन्यावरची मुलगी होती.

तात्या अजूनही टिप देत नाहीत. मी देते. त्यांच्या म्हणण्यानं माझं देणं थांबलं नाही, पण बदललं. पूर्वी मी काम आवडलं की जास्त द्यायचे, घाईत असले की विसरायचे. आता रक्कम ठरलेली असते. माझा मूड कसाही असो, केस मनासारखे कापले जावोत किंवा न जावोत, तेवढी देते. देते ती हातात, कुणाच्या देखत नाही. पन्नास-शंभराच्या चार नोटा पर्समध्ये वेगळ्या ठेवते, कारण फोननं पैसे द्यायची सवय लागल्यापासून सुट्टे जवळ नसतात आणि त्यात बुडते ती कारागिराचीच टिप. नावानं हाक मारते. घरी सेवा द्यायला आलेल्या मुलीला आधी पाणी देते, दार उघडं ठेवते. पाटीवरच्या दरात कधीही घासाघीस करत नाही, आणि दर वाढला की कुरकुरत नाही. जून २०२० च्या शेवटी लॉकडाऊननंतर सलून उघडली, तेव्हा महिनोन्‌महिने बसून राहिलेल्या दुकानांनी दर वाढवले होते आणि मी त्यावर तोंड वाकडं केलं होतं. त्याची आता लाज वाटते.

आणि मी विचारू लागले आहे. पुढच्या खेपेला त्या पार्लरमध्ये गेले तेव्हा मालकिणीलाच विचारलं, बिलासोबत आलेल्या टिपचं काय होतं? ती म्हणाली, महिनाअखेरीला सगळ्या मुलींत वाटतो. मी त्या मुलीचं नाव घेतलं नाही, तिची नोकरी जायला नको. एवढंच म्हटलं, मग तसं काउंटरवर लिहून लावा ना, म्हणजे देणाऱ्याला कळेल. तिनं हो म्हटलं. पाटी अजून लागलेली नाही. त्या मुलीला तिथं सात महिने झालेत आणि एकाही महिनाअखेरीला तिला काही मिळालेलं नाही.

मी एकटीनं विचारून पाटी लागायची नाही. तुम्ही पुढच्या वेळी सलूनच्या खुर्चीतून उठाल, काउंटरपाशी फोन काढाल, तेव्हा पैसे पाठवण्याआधी एवढं नक्की विचारा: यातले वरचे पैसे कुणाच्या खात्यात जातात? उत्तर मिळेपर्यंत टिप हातात द्या.